फौजदार आणि तांबडा थेंब

पोलीसखात्याशी त्यांचा संबंध आयुष्यात एकदाच आला, तोही सायकलला दिवा नव्हता म्हणून. तरी गेली तीस वर्षं गॅरेजांची ती अख्खी गल्ली त्यांना फौजदार म्हणते. गाडी दुरुस्तीला आली की ते आधी गाडीकडे बघत नाहीत, मालकाकडे बघतात. कुठून आलात, वाटेत कुठे थांबलात, आणखी कुणी हात लावला का, एवढं झाल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. एकदा एका गृहस्थांनी वैतागून सांगितलं, "अहो, गाडी माझीच आहे." फौजदार शांतपणे म्हणाले, "ते मी अजून विचारलेलंच नाही."

हा त्यांचा स्वभाव नव्हता, शिक्षण होतं. उमेदीची सहा वर्षं त्यांनी बसडेपोच्या वर्कशॉपात काढली. तिथला फोरमन जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या कामातला एखादा नट गुपचूप ढिला करून ठेवायचा. गाडी बाहेर काढण्याआधी तो नट सापडला तर फोरमन काही बोलायचा नाही. नाही सापडला तर सगळ्यांदेखत सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पुढे फोरमन निवृत्त झाला, यथावकाश वारलाही. फौजदारांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. पण कुठेतरी कुणीतरी एक नट ढिला करून ठेवलेला आहे, ही खात्री मात्र त्यांच्याबरोबर गॅरेजात आली आणि पाठोपाठ घरातही. बायकोने बाहेर पडताना दाराला कुलूप घातलं की ते दोन पावलं मागे राहून कुलूप ओढून बघत. बायको न वळता म्हणायची, "ओढा, ओढा. मी चावी फिरवली नाही, नुसती दाखवली कुलपाला."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने लग्न केलं ते मेकॅनिकशीच, आणि तोही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात तरबेज असलेल्या. दुसऱ्या कुणा बापाला आभाळ ठेंगणं झालं असतं. फौजदारांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "याच धंद्यातला का बरं? आपलं गॅरेज त्याने आधी पाहिलं की तुला?"

जावई गॅरेजात येऊन चार वर्षं झाली होती. माणूस अबोल. पाने मापाप्रमाणे ओळीत मांडणारा, तेलाची फडकी घडी घालून ठेवणारा. काम संपलं की हात धुऊन तो कोपऱ्यावर चहाला जायचा. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला, की फौजदार बॅटरी आणि पाना घेऊन त्याने नुकत्याच संपवलेल्या गाडीखाली सरकायचे आणि एकेक नट ताणून बघायचे. चार वर्षांत एकही नट ढिला निघाला नाही. याने त्यांचं समाधान होण्याऐवजी काळजीच वाढली. सापडत नाही म्हणजे फारच हुशारीने लपवलाय.

जावयाला हे ठाऊक होतं. चहा संपवून तो मुद्दाम पाच मिनिटं उशिरा परतायचा, म्हाताऱ्याला गाडीखालून निघायला वेळ मिळावा म्हणून. मुलगी मात्र इतकी समजूतदार नव्हती. एका सोमवारी ती गॅरेजात येऊन उभी राहिली.

"बाबा, त्याला परगावच्या मोठ्या वर्कशॉपचं बोलावणं आलंय. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"कुणी बोलावलं? का बोलावलं? आपल्याकडच्या गिऱ्हाइकांची नावं तर नाही ना विचारली त्यांनी?"

"बघा. हेच. तिथे म्हणे केलेलं काम पुन्हा कुणी उकलून बघत नाही." ती एक पाऊल पुढे आली. "तो गेला तर मीही जाणार, आणि तुमची नातही. ती काही नट नाही, बाबा, की राहिली का जागेवर म्हणून तुम्ही रोज ताणून बघाल."

नात तीन वर्षांची होती आणि संध्याकाळी गॅरेजच्या दारात येऊन त्यांच्या खिशातल्या सगळ्या वस्तू बाहेर काढून तपासायची. घराण्यात हा गुण तिच्याकडेच उतरला होता. ती परगावी जाणार म्हणजे आपल्या खिशांची झडती कोण घेणार, या विचाराने त्यांना त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

आणि मंगळवारी डॉक्टरीणबाईंची गाडी गळत आली.

डॉक्टरीणबाई म्हणजे गुरांच्या डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर कुठे गाय अडली, कुठे घोड्याचा पाय सुजला की त्या निघायच्या. त्यासाठी त्यांनी वीस-बावीस वर्षांची एक जुनी फोर-बाय-फोर पाळली होती. पाळली हाच शब्द बरोबर, कारण तिच्याशी त्या बोलायच्यासुद्धा. उंच, चौकोनी, एका दारावर बैलाच्या शिंगाचा पोचा असलेली ती गाडी ऑटोमॅटिक होती. दीड महिन्यापूर्वी जावयाने तिचा गिअरबॉक्स पुरता खाली उतरवून पुढचं ऑइल सील बदललं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे हे रबरी कडं बसतं. कडं तळहाताएवढं, पण तिथपर्यंत पोचायला दोन दिवस लागतात.

आता त्याच जोडाखाली गाडी गळत होती. जावई खाली गेला, बोट फिरवून बाहेर आला आणि बोट पांढऱ्या फडक्यावर टेकवलं. इंजिनचं ऑइल काळं असतं. हा डाग तांबडा होता, गिअरबॉक्सच्या तेलाचा.

"माझंच सील दिसतंय," जावई म्हणाला.

डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "दिसतंय की आहे? कारण आता तुम्ही पुन्हा गिअरबॉक्स उतरवणार, मग म्हणणार अख्खाच बदला. मला सगळं कळतं. गाईचे दात बघून तिचं वय सांगते मी. माझ्या गाडीचे दात मला माहीत आहेत."

"पट्टी पाहिलीत का?" फौजदारांनी जावयाला विचारलं. पट्टी म्हणजे तेल किती आहे ते मोजायची डिपस्टिक.

"आल्या आल्या पाहिली, इंजिन चालू ठेवून. गाडी डोंगरावरून थेट इथे आली, चांगली तापलेली होती. तेल बरोबर रेघेवर आहे." जावयाच्या कपाळाला आठी पडली. "तेच कळत नाही. गळतंय तर कमी व्हायला हवं. कमी झालेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जावयाकडे पाहिलं आणि मिटलं. फौजदारांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती तिथे कायमचीच मुक्कामाला होती, पण आज जरा मोठ्याने. तेल गळतंय आणि कमी होत नाही, म्हणजे कुणीतरी भरतंय. आपलं काम फसल्याचं उघड होऊ नये म्हणून कोण भरेल? त्यांनी जावयाकडे तिरप्या नजरेने पाहिलं.

बाई रिक्षाने गेल्यावर जावई पाने पुसत म्हणाला, "मामा, हे सील माझ्या हातचं आहे. ते फाटलं असेल तर मी शनिवारी हो म्हणून टाकतो. तुम्ही चार वर्षं शोधत होतात ते सापडलं म्हणायचं. मग कुठल्या तोंडाने राहायचं इथे?"

"जावईबापू, आत्ताच निकाल लावू नका," फौजदार म्हणाले, आणि स्वतःच दचकले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणालाही ऐकवलेलं नव्हतं.

त्यांची पंचाईत अशी होती. चार वर्षं ज्या ढिल्या नटासाठी त्यांनी पाठ चिखलात घातली होती, तो अखेर हाती लागला होता; तांबडा, ओला, फडक्यावर उमटलेला. आणि तो खरा निघू नये असं त्यांना वाटत होतं. आपण खोटे ठरावं अशी इच्छा मनात येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांनी त्या इच्छेवरही संशय घेतला. त्यातून दुसरा संशय निघाला: जावयाला जायचंच असेल तर? सील मुद्दाम तिरपं बसवून त्याने निघायची वाट तर करून ठेवली नसेल? इतक्या चटकन "माझंच" कोण म्हणतं?

रात्री अंथरुणावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. बायको कूस बदलत म्हणाली, "दीड महिन्यापूर्वीच त्याला ठाऊक होतं का, या आठवड्यात बोलावणं येणार म्हणून? गाडीच्या पोटात चिठ्ठी ठेवून भविष्य सांगतो की काय तो?" फौजदारांनी ती शंका सोडली नाही, नुसती बाजूला ठेवली.

बुधवारी दोघांनी मिळून गाडी लिफ्टवर घेतली आणि खालून धुतली. डिझेल आणि ब्रशने, मग साबणाच्या पाण्याने, मग हवेच्या पाइपने कोरडी. गळतीच्या तपासात अर्धा वेळ धुण्यातच जातो. तेल एका जागी कधी राहत नाही. उतारावर मागे येतं, वाऱ्याने उडतं, दुसऱ्याच्याच अंगावर जाऊन बसतं आणि तिथून थेंब थेंब टपकतं. ज्याच्या हनुवटीवर थेंब दिसतो तो बहुधा निरपराध असतो. म्हणून सगळं कोरडं करायचं, गाडी चालवायची, आणि ओल्यापैकी सगळ्यात उंच जागा कुठली ते बघायचं.

"संशयित तीन," फौजदार बोटांवर मोजत म्हणाले. "एक, तुमचं सील. दोन, खालच्या तेलाच्या तबकाचं पॅकिंग. तीन, पॉवर स्टीअरिंगचा पाइप. या गाडीत त्यालाही तांबडंच तेल लागतं. पुढून गळलं की वाऱ्याने मागे येतं आणि गिअरबॉक्सला बदनाम करतं."

"माझ्याकडे तेलात मिसळायचं ते चमकणारं औषध आहे," जावई म्हणाला. "निळ्या दिव्याखाली गळती उजळून निघते."

"सगळंच उजळलं तर चोर ओळखायचा कसा? आपली तोंडाला लावायची पावडर बरी. तेल आलं की तिच्यावर रेघच उमटते."

त्या रात्री गाडी पुठ्ठ्यावर उभी राहिली. गुरुवारी सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. जावई उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिला. "सील फाटलेलं असतं तर उभ्या गाडीतूनही थोडं आलं असतं."

"आलं असतं," फौजदार म्हणाले. मनात म्हणाले, पुठ्ठा बदलला तर नसेल? मग त्यांना आठवलं की पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर त्यांनीच पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. खूण जागेवर होती. त्यांना जरा शरमल्यासारखं झालं, पण अगदीच जरा.

जावई तेल-सीलच्या दुकानात गेला होता, डॉक्टरीणबाई येऊन गाडीपाशी थांबल्या होत्या, तेवढ्यात फौजदार पावडरचा डबा आणायला घरी गेले. बायकोने डबा हातात देताना विचारलं, "कुणासाठी?"

"गाडीसाठी."

"बरं. माझ्यासाठी काही तुम्ही कधी पावडर आणली नाहीत, म्हणून आपलं विचारलं."

परतल्यावर त्यांनी गाडीखाली आडवं होऊन सगळा गिअरबॉक्स पांढरा करून टाकला. जोड, तबक, पाइप, वरची पाठसुद्धा हात पोचेल तिथवर. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशा पिकल्या होत्या. म्हणजे होत्या त्याहून जास्त. जावईही तोवर परतला होता. तो मागच्या सीटवर बसू लागला तसा फौजदारांनी हात आडवा धरला.

"तुम्ही इथेच थांबा."

"निकाल माझ्या कामाचा आणि मीच नको? मामा, आरोपीला तरी कोर्टात हजर ठेवतात."

"कोर्टात. तपासात नाही."

जावयाने गाडीचं दार लावलं. लावलं नीटच, पण आवाज जरा मोठा झाला.

खाणीकडे जाणारा चढ निवडला होता. बाई चालवत होत्या, फौजदार शेजारी कान टवकारून बसले होते. अर्धा तास वळणं, खड्डे, चढ. गिअर सुरळीत पडत होते. माथ्यावरच्या सपाटीला गाडी थांबली. फौजदारांनी बॅटरी घेतली, सतरंजी अंथरली आणि खाली गेले.

जोडाखालची जागा आधी पाहिली. सील फाटलं की तेल जोडाच्या आतून पाझरून तळाच्या भोकातून बाहेर येतं. ते भोक पांढरं होतं. बोटभरसुद्धा ओल नाही. त्यांनी बॅटरी जवळ नेली, पुन्हा पाहिलं. फुंकर मारली, पावडर उडाली, खाली कोरडं लोखंड. तबकाचं पॅकिंग कोरडं. स्टीअरिंगचा पाइप कोरडा. आणि गिअरबॉक्सच्या पाठीवरून, अगदी वरून, पांढऱ्या पावडरीतून एक तांबडी रेघ ओघळत जोडाच्या बाहेरच्या अंगावर आली होती. तिच्या टोकाला थेंब लोंबत होता.

ती रेघ हवेच्या नळीपासून निघत होती. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला माथ्यावर एक बारीक नळी असते. त्या नळीतून गाडी तेल ओकत होती. सील ठीक होतं. सील उत्तम होतं. चार वर्षांतला हाही नट घट्ट निघाला, आणि गाडीखाली उताणं पडल्या पडल्या फौजदार हसले. पावडर नाकात गेली आणि त्यांना शिंकांची माळच लागली.

"काय झालं? वाईट आहे का?" वरून बाई.

"इंजिन चालू राहू दे!" ते बाहेर आले, बॉनेट उघडलं, बाईंना ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर एकदा फिरवायला लावले आणि पट्टी ओढली. पुसली, घातली, पुन्हा ओढली. तापलेलं तेल वरच्या रेघेच्याही दोन बोटं वर होतं आणि त्यात फेस होता. जास्त भरलेलं तेल आत घुसळून फेसाळतं, आणि फेस वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. जादा तेवढं ओकून झालं की गाडी शांत. म्हणूनच मंगळवारी डोंगरावरून आल्यावर पट्टी बरोबर दाखवत होती.

फौजदारांच्या आवाजात आपोआप ती धार आली. "यात तेल कुणी घातलं?"

"मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही! कधी?"

"रोज. आजसुद्धा, तुम्ही पावडर आणायला गेला होतात तेव्हा."

"आणि हा उद्योग कुणाला विचारून?"

बाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला."

फौजदारांनी पुसलेली पट्टी पुन्हा एकदा पुसली.

"काका, सील बदलून गाडी नेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला. म्हणालात, नवीन काम आहे, कुणाच्या हातचं कसं निघेल सांगता येत नाही. रोज सकाळी गाडी गरम करून पट्टी बघत जा. वरच्या रेघेच्या खाली गेलं तर थोडं घाला. आणि आमच्या जावयांना यातलं काही बोलू नका. म्हणून तर परवा त्यांच्यासमोर मी गप्प बसले."

फौजदारांना आठवलं. आठवायला वेळ लागला, कारण जावयाने सोडलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला ते असा फोन करत.

"बरोबरच सांगितलं मी," ते चाचरत म्हणाले. "गाडी गरम करून."

"मग गरम करतेच की. सुरू करून दोन मिनिटं तशीच ठेवते. सगळं जग म्हणतं ना, गाडी गरम करून घेतो, निघूया."

फौजदारांनी डोळे मिटले. गॅरेजात 'गरम' म्हणजे अर्धा तास रस्त्यावर पळून गिअरबॉक्सच्या पोटापर्यंत तापलेली गाडी. घरादारात 'गरम' म्हणजे चप्पल घालेपर्यंत चालू ठेवलेली. तापलं की तेल फुगतं. वरची रेघ त्या फुगलेल्या तेलासाठी असते. थंड तेलासाठी खाली वेगळी रेघ आहे. बाई थंड तेल रोज वरच्या रेघेपर्यंत भरत होत्या, गाडी रोज चढावर जादाचं ओकत होती, दुसऱ्या दिवशी पट्टी कमी दाखवत होती, म्हणून बाई पुन्हा भरत होत्या. दीड महिना हे डोळ्यांत तेल घालून चाललं होतं, आणि ते तेलही तांबडंच.

"दोन मिनिटांत चहासुद्धा गरम होत नाही हो," ते क्षीणपणे म्हणाले.

"हे त्या फोनवर सांगायचं होतं. मी गाईच्या मालकाला औषध देते ना, तेव्हा 'थोडं' म्हणत नाही. किती, केव्हा, कशाबरोबर, सगळं सांगते. तुम्ही औषधही मोघम सांगितलंत, आणि वर तिच्या खऱ्या डॉक्टरपासून लपवायलाही सांगितलंत." बाईंनी बॉनेट आपटलं. "आणि मी इतके दिवस तुमच्या जावयावर संशय घेतला. तो तरी कोणी लावला डोक्यात?"

परतीच्या उतारावर फौजदारांच्या डोक्यात एक सोयीस्कर हकीगत जुळत होती: हवेच्या नळीत चिखल होता, डोंगरातल्या गाड्यांना होतंच तसं, साफ केली, झालं. सील निर्दोष, जावई निर्दोष, कुणाचंच काही नाही. हकीगत इतकी सफाईदार होती की दुसऱ्या कुणी सांगितली असती तर त्यांनी ती पहिल्याच वाक्याला पकडली असती.

गॅरेजात गाडी लिफ्टवर चढली. जावई न विचारता खाली गेला आणि बराच वेळ वर बघत राहिला.

"सील कोरडं आहे," तो म्हणाला. मग बोट त्या तांबड्या रेघेवरून वर वर गेलं. "नळीतून आलंय. जास्त भरलंय कुणीतरी. मी तेल रेघेवर सोडलं होतं. कुणी भरलं?"

"डॉक्टरीणबाईंनी," फौजदार म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

"त्यांना काय गरज? कुणी सांगितलं त्यांना?"

चार वर्षं सोबत राहून पोरगा तपास शिकला होता. बाई दारापाशी उभ्या राहून पर्समध्ये किल्ली शोधत होत्या; किल्ली त्यांच्या हातातच होती.

"मी," फौजदार म्हणाले. "फोन करून. तुमच्या मागे. म्हटलं, सील गळेल कदाचित. भरत राहा. तुम्हाला सांगू नका असंही म्हटलं." सवयीने त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की आज प्रश्न आपल्याकडे नाहीत.

जावई लिफ्टखालून बाहेर आला. हात पुसले, फडक्याची घडी घातली, ती जागेवर ठेवली. मग विचारलं, "फक्त यांनाच?"

फौजदारांनी मान हलवली. आडवी.

"किती जणांना?"

"सगळ्यांनाच म्हणायला हरकत नाही."

जावई एका जुन्या टायरवर बसला. रागावेल, ओरडेल, निघून जाईल, अशा तिन्ही तयाऱ्या फौजदारांनी मनात केल्या होत्या. त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने फौजदारांचा फोन टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिला. "लावा."

"कुणाला?"

"ज्यांच्या ऑटोमॅटिक आहेत, सगळ्यांना. सगळे असेच भरत बसले असतील. आणि आवाज मोठा करा, मला ऐकू येईल असा."

मग शुक्रवार संध्याकाळपर्यंत, कामांच्या मधेमधे, फौजदार फोन करत होते. आजवर लोकांना संशय घ्यायला शिकवणं त्यांना सोपं गेलं होतं. तो परत घ्यायला सांगणं फार जड गेलं. लोक ऐकेनात.

"का हो, आता भरू नका का म्हणता? काही लपवताय का?" पहिल्याच माणसाने विचारलं. दुसऱ्याने कुणाचा दबाव आलाय का म्हणून चौकशी केली. एका निवृत्त मास्तरांनी तर सांगितलं, "मी ही सूचना मोडणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात, नंतर कुणी काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

"पण सांगणारा मीच आहे ना, मास्तर!"

"तेच तर. कशावरून?"

जावयाने तेवढ्यात तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते.

शेवटचा फोन बेकरीवाल्याला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "म्हणजे तुमच्या जावयाचं काम बरोबर होतं तर?"

"हो."

"पक्कं?"

फौजदारांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. "माझ्यापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले. "पुन्हा बघायची गरज नाही. मी बघून बसलोय, चार वर्षं."

शनिवारी सकाळी मुलगी नातीला घेऊन आली. जावई अंगणात उभा राहून परगावच्या वर्कशॉपशी फोनवर बोलत होता. पत्र्याच्या भिंतीपलीकडून शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता. फौजदार दाराच्या अलीकडे उभे होते. दोन पावलं पुढे गेले असते तर सगळं ऐकू आलं असतं. ते गेले नाहीत, पण पायांना तसं बजावून ठेवावं लागलं.

जावई आत आला. "महिनाभराने कळवतो म्हटलं. ते म्हणाले चालेल."

महिनाच का? मग पुढे काय? ते इतक्या सहज चालेल का म्हणाले? आणि पगार वाढवून मागायचा हा डाव तर नाही? प्रश्न फौजदारांच्या घशात दाटीवाटीने येऊन थांबले.

"बरं," ते म्हणाले.

जावई थबकला. मुलीने बापाकडे निरखून पाहिलं, जवळ आली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला.

"नुसतं बरं?" ती म्हणाली. "बाबा, खरं सांगा. काय होतंय तुम्हाला?"